संगणकाच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी जगातील कोट्यवधी धडधाकट संगणकांना एका कंपनीने मृत्यूचा दाखला दिला. ही यंत्रे त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे सुरू झाली, त्यांच्यावर पत्रे लिहिली गेली, हिशेब झाले आणि संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे बंदही झाली. बिघाड कशातच नव्हता. परंतु ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे यंत्र चालविणाऱ्या मूळ आज्ञाप्रणालीच्या, सुरक्षाविषयक दुरुस्त्या सर्वांना विनामूल्य पुरविणे मायक्रोसॉफ्टने त्या दिवसापासून थांबविले आणि ‘विंडोज ११’ कडे बोट दाखविले. हा मार्ग मात्र सर्वांना खुला नाही. त्यासाठी यंत्रात टीपीएम २.० नावाची सोय हवी आणि प्रोसेसर, थोडे अपवाद वगळता, २०१७ नंतरच्या पिढीचा हवा. कॅनालिस या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२३ च्या डिसेंबरातच अंदाज वर्तविला होता की, या धोरणामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागतील.

ज्यांना नवे यंत्र परवडत नाही त्यांच्यासाठी कंपनीने एक सवलत जाहीर केली. सवलत म्हणजे काय, तर दुरुस्त्यांच्या एका वाढीव वर्षासाठी व्यक्तीने ३० डॉलर मोजावेत. मोजावयाचे नसतील तर कंपनीकडे खाते उघडून आपल्या यंत्रातील सेटिंगची नक्कल तिच्या गोदामात ठेवावी. संस्थांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. युरोपातील ग्राहक संघटनांनी याविरुद्ध आवाज उठविताच तेथील व्यक्तिगत ग्राहकांना हे वर्ष विनामूल्य मिळाले. आपण आवाज उठविला नाही. आपल्याला काही मिळाले नाही. सावकार कोणत्या दाराशी नमतो आणि कोणत्या दाराशी दरडावतो, हे यातून ज्यांना उमगणार नाही त्यांना ते कोणत्याही अभ्यासवर्गातून उमगणार नाही.

या घटनेकडे ‘कॉम्प्युटरवाल्यांचा प्रश्न’ म्हणून पाहणारे साथी आपल्या चळवळीत बहुसंख्य आहेत, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याशी भांडण्यासाठी आहे. तालुक्याचे कार्यालय घ्या, कामगार संघटनेचे घ्या, एखादी पतसंस्था किंवा सार्वजनिक वाचनालय घ्या. वर्गणी गोळा करून संगणक आणलेला असतो. कोपऱ्यावरच्या दुकानातील मुलगा ‘फॉरमॅट मारून’ देतो आणि विंडोजची एक चोरटी प्रत बसवितो. पासवर्ड त्याने ठेवलेलाच पुढे वर्षानुवर्षे चालतो. सभासदांची यादी, न्यायालयातील दाव्यांची कागदपत्रे, वीस वर्षांचे ठराव हे सारे एकाच डिस्कवर असते. ती डिस्क बंद पडली की त्याच मुलाला फोन जातो. तो आता पुण्याला नोकरीला लागलेला असतो. संघटनेच्या घटनेत कोषाध्यक्षाचे अधिकार कोणते याची चार कलमे असतात, पण जिच्यात संघटनेचा सारा संसार साठविला आहे त्या पेटीची किल्ली कोणाकडे, याचे एक कलमही नसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: यंत्राची पावती ज्याच्या नावाने फाटली तो त्याचा धनी नव्हे. त्याची देखभाल ज्याच्या हाती, तोच धनी. उत्पादनसाधनांच्या मालकीवर तासन् तास बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट दुसऱ्यांकडून ऐकावी, हे लाजिरवाणे आहे.

१९७८ चा विसरलेला धडा

वास्तविक हे आपल्याला एकेकाळी ठाऊक होते. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत भारतातील संगणकांवर आयबीएम या अमेरिकन कंपनीचे वर्चस्व होते. स्वतःच्या देशात कालबाह्य ठरलेली यंत्रे येथे आणावयाची, ती विकावयाची नाहीत, भाड्याने द्यावयाची, आणि देखभाल आपल्याच हाती ठेवावयाची, अशी तिची रीत होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याचा आग्रह धरला. १९७७ मध्ये जनता सरकारात उद्योगमंत्री झालेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी तो आग्रह सोडला नाही. कोकाकोला गेली आणि १९७८ मध्ये आयबीएमही गेली.

त्या वेळी सुज्ञ म्हणविणाऱ्यांनी भाकीत केले होते की, आता देशातील संगणक ठप्प होणार. ते ठप्प झाले नाहीत, कारण कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही सार्वजनिक कंपनी आधीच स्थापन झालेली होती. तिच्या भारतीय अभियंत्यांनी आयबीएमने मागे ठेवलेल्या यंत्रांची देखभाल अंगावर घेतली आणि ती चालू ठेवली. या संस्थेच्या नावातच ‘मेंटेनन्स’ होते, याकडे लक्ष द्यावे. संगणक बनविण्याचे सामर्थ्य नसतानाही देखभालीचे सामर्थ्य कमावले, तर परदेशी कंपनीला दार दाखविता येते, हे त्या नावाने सिद्ध केले. पुढे २००१ मध्ये निर्गुंतवणुकीच्या लाटेत ही संस्था टाटा समूहाच्या हवाली झाली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन होऊन तिचे नावही उरले नाही. तिच्या मृत्यूवर आपल्यापैकी किती जणांनी अग्रलेख लिहिला?

आपल्या कामगार चळवळीचाही येथे हिशेब मांडला पाहिजे. साठच्या दशकात विमा कर्मचारी आणि ऐंशीच्या दशकात बँक कर्मचारी यंत्रीकरणाविरुद्ध लढले. त्या लढ्याची आज टिंगल केली जाते, ती अन्यायाची आहे. नोकऱ्यांचे काय होणार हा प्रश्न खराच होता, आणि १९८३ च्या बँक करारात यंत्रे कोठे व किती बसवावयाची यावर मर्यादा घालून घेण्यात संघटनांना यशही आले होते. चूक पुढे झाली. यंत्र आल्यावर ते कोणाच्या आज्ञेत चालेल, हा दुसरा प्रश्न विचारावयाचाच राहिला. जो जोर यंत्र अडविण्यात लावला, त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी ते ताब्यात घेण्यात लावला असता, तर आज चित्र वेगळे असते. विरोध संपला आणि त्याच्या जागी संपूर्ण शरणागती आली. महाराष्ट्रातील लक्षावधी तरुणांनी गेल्या पंचवीस वर्षांत एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घेतले. त्यांतून मुख्यतः वर्ड आणि एक्सेल वापरणारे हात तयार झाले. यंत्राचे झाकण उघडणारे, त्याचे अधिकार वाटून देणारे, त्याची नोंदवही वाचणारे हात किती तयार झाले?

ज्यांना हे सारे जुने उगाळणे वाटेल त्यांनी जुलै २०२५ कडे पाहावे. नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली तेलकंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे, म्हणून युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. भारत सरकारने असे कोणतेही निर्बंध घातलेले नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा परस्पर बंद केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. नायराविषयी समाजवाद्यांना प्रेम वाटण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, ज्या कंपनीचा वादविवाद ब्रुसेल्समध्ये होतो आणि जिचे कारखाने भारतात आहेत, तिच्या कचेरीतील पत्रव्यवहार अमेरिकन कंपनी एका आदेशाने गोठवू शकते. तेलाच्या मक्तेदाराकडे वकिलांची फौज होती. एखाद्या असंघटित कामगार संघटनेचे खाते असे गोठले, तर ती कोणत्या न्यायालयात जाणार?

देखभाल नाकारली की काय होते

देखभाल हे श्रम आहेत. झाडूवाल्याच्या, गँगमनच्या, लाइनमनच्या श्रमांसारखेच ते नीट झाले की दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्याचे दाम द्यावयाला भांडवली व्यवस्था तयार नसते.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले. दोन आठवड्यांच्या आसपास देशातील सर्वांत मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांपैकी एका रुग्णालयात रुग्णांची नोंदणी हाताने चालली. पुढे सरकारने संसदेत सांगितले की, संगणकांच्या जाळ्याची योग्य विभागणी केलेली नव्हती. म्हणजे एका खोलीतील आग दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून मधे जी भिंत हवी, ती नव्हती. भिंत बांधण्यासाठी पैसा आणि माणसे कोणी द्यावयाची होती? निलंबन झाले ते दोन सिस्टिम अॅनालिस्टांचे. रेल्वेचा अपघात झाला की पॉइंट्समनला धरावयाचे, ही जुनीच रीत.

सहकाराचा अभिमान सांगणाऱ्या महाराष्ट्राने तर हे अधिक गांभीर्याने घ्यावयास हवे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये, एटीएमचे व्यवहार तपासणाऱ्या यंत्रणेत घुसखोरी करून, सुमारे ९४ कोटी रुपये अवघ्या दोन-तीन दिवसांत पळविले गेले. ३१ जुलै २०२४ रोजी, लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला, म्हणून सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांना देशाच्या देयक व्यवस्थेपासून तात्पुरते तोडावे लागले. तीनशे संस्थांनी आपल्या किल्ल्या एकाच कमरेला अडकविल्या होत्या. हे केंद्रीकरण सहकाराच्या नावाने चालते, हा त्यातला विनोद.

कार्यालयात उद्यापासून काय करावे

येथे काही साथी म्हणतील, विश्लेषण मान्य, पण कार्यक्रम कोणता? कार्यक्रम सांगतो. तो क्रांतिकारक वाटणार नाही, कारण त्यात वह्या ठेवणे, कुलपे लावणे आणि नकला काढणे असली कामे आहेत. परंतु भूमिगत चळवळीत काम केलेल्यांना विचारा. सायक्लोस्टाइलची यादी कोणाकडे आणि शाई कोणाकडे, याची शिस्त नसती तर एक पत्रकही निघाले नसते.

पहिली गोष्ट, खाती वेगळी करा. प्रत्येक संगणकावर सर्वाधिकार असलेले, म्हणजे अॅडमिनिस्ट्रेटरचे, खाते एक असावे आणि रोजच्या कामाचे साधे खाते दुसरे. पत्र टंकणाऱ्याला सर्वाधिकार लागत नाहीत. घातक प्रोग्रॅम ज्या खात्यातून शिरतो त्याच खात्याचे अधिकार वापरतो. साध्या खात्यातून शिरला तर त्याचे हात बऱ्याच अंशी बांधलेले राहतात. सर्वाधिकाराचा पासवर्ड दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावा आणि बंद पाकिटात कार्यालयाच्या कपाटात असावा. एकाच माणसाला ठाऊक असलेला पासवर्ड ही संघटनेतील हुकूमशाही आहे, मग तो माणूस कितीही निष्ठावंत असो.

दुसरी गोष्ट, नकला. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत असावी. नक्कल ठेवलेली डिस्क काम झाले की काढून कपाटात ठेवावी. यंत्राला जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर मूळ मजकुराबरोबरच कुलूपबंद करतो. मजकूर ‘क्लाउड’वर आपोआप जातो म्हणून निर्धास्त राहू नये, कारण येथे पुसलेले तेथेही पुसले जाते. आणि दर तीन महिन्यांनी नकलेतून एखादी फाइल प्रत्यक्ष परत आणून पाहावी. परत आणून न पाहिलेली नक्कल ही न वटवलेल्या धनादेशासारखी असते; खात्यात पैसे आहेत की नाहीत, हे गरजेच्या दिवशीच कळते.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या बलाढ्य जहाजकंपनीची यंत्रणा जगभर पाडली. आपल्या न्हावा-शेवा बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही बंद पडले. कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. साऱ्या जाळ्याची खातेवही सांभाळणारे तिचे सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवीत होते, म्हणून एकाबरोबर सारे पुसले गेले. वाचला तो एकच, घाना देशातील. आणि तो वाचला कारण त्या वेळी तेथे वीज गेली होती. अब्जावधींचा धंदा आफ्रिकेतील भारनियमनाने तारला. आपल्या कार्यालयाने मात्र भारनियमनावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट, दुरुस्त्या. ‘अपडेट केले की मशीन हळू चालते’ हे वाक्य कार्यालयातून हद्दपार करावे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या प्रोग्रॅमने इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८१ विश्वस्त संस्थांचे कामकाज विस्कळित केले. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झालेली होती. ज्या फटीतून हा प्रोग्रॅम शिरला, ती फट अमेरिकेच्या हेरखात्याला आधीपासून ठाऊक होती आणि त्याने ती स्वतःच्या उपयोगासाठी झाकून ठेवली होती, हेही विसरू नये. दुरुस्ती ऑपरेटिंग सिस्टिमची करावी, ब्राउझरची करावी, आणि भिंतीवर धूळ खात असलेल्या राउटरचीही करावी. सर्व्हर असेल तर दुरुस्ती आधी एका यंत्रावर करून पाहावी, मग बाकीच्यांवर. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल एकाच वेळी सर्वत्र गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. घाई आणि हलगर्जी या दोन्हींचे मोल सारखेच असते.

चौथी गोष्ट, जुनी यंत्रे. ज्यांना कंपनीने मृत ठरविले ती भंगारवाल्याला देऊ नयेत. त्यांच्यावर लिनक्स बसवावे. डेबियन किंवा लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते, तिच्या दुरुस्त्या विनामूल्य मिळतात आणि तिला टीपीएमची चिप लागत नाही. रीत अशी: आधी नकला काढाव्यात. मग प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. डिस्कला हात न लावता सारे पाहता येते. प्रिंटर चालतो का, स्कॅनर चालतो का, देवनागरी टंकता येते का, हे तपासूनच बसवावे. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी घातली आणि मेमरी ८ जीबी केली, तर दहा वर्षांपूर्वीचे यंत्रही पत्रव्यवहार, हिशेब आणि ईमेल यांना पुरून उरते. अडचणी लपवीत नाही: काही हिशेबाचे प्रोग्रॅम, छपाईचे जुने प्रोग्रॅम आणि डिजिटल सहीची उपकरणे विंडोजशिवाय चालत नाहीत किंवा कुरकुरत चालतात. अशा कामांपुरते एक विंडोज यंत्र ठेवावे, ते परवान्याचे ठेवावे, दुरुस्त ठेवावे. चार यंत्रांपैकी तीन मुक्त झाली तरी तो लहान विजय नाही.

पाचवी गोष्ट ज्यांचा स्वतःचा सर्व्हर आहे त्यांच्यासाठी. जेवढी दारे कामाला लागतात तेवढीच उघडी ठेवावीत. माहितीसाठा ज्यात आहे तो डेटाबेस थेट इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नये. दुरून प्रवेश पासवर्डने न देता एसएसएचच्या किल्लीने द्यावा आणि ‘रूट’ या सर्वाधिकाऱ्याला थेट प्रवेश बंद करावा. हे बदल करताना चालू जोडणी तोडू नये. दुसऱ्या खिडकीतून नवा प्रवेश होतो याची खात्री पटल्यावरच पहिली सोडावी, नाहीतर आपणच आपल्या घराबाहेर कोंडले जातो. आठवड्यातून एकदा नोंदी, म्हणजे लॉग, वाचाव्यात आणि डिस्क किती भरली ते पाहावे. कित्येक सर्व्हर कोणा शत्रूमुळे बंद पडत नाहीत. न वाचलेल्या नोंदींनी डिस्क भरली म्हणून बंद पडतात. आणि कार्यालयातील येणारे-जाणारे ज्या वायफायवर असतात, त्यापासून सर्व्हर वेगळा ठेवावा. एम्सची भिंत आठवावी.

सहावी गोष्ट, वही. कागदाची, शिवलेली. कोणते यंत्र कधी घेतले, त्यात काय बसविले, नक्कल केव्हा काढली, काय बिघडले आणि कोणी कसे दुरुस्त केले, हे तारखेसह लिहावे. अलीकडच्या विंडोज यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होण्याची सोय असते आणि तिची परत उघडण्याची किल्ली, ज्याने यंत्र प्रथम सुरू केले त्याच्या खासगी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. तो कार्यकर्ता उद्या पक्ष सोडून गेला, तर कार्यालयाची कागदपत्रे त्याच्याबरोबर गेली. ही किल्ली आजच उतरवून वहीला चिकटवा आणि ती वही कुलपात ठेवा. पदभार देताना जसे रोख आणि पावतीपुस्तक मोजून देतो, तशी ही वही आणि हे पासवर्ड सभेच्या ठरावाने द्यावेत आणि पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत.

सातवी गोष्ट आपल्या भाषेची. अनेक मराठी नियतकालिकांचे दोन-तीन दशकांचे अंक खासगी फॉन्टांच्या सांकेतिक लिपीत अडकलेले आहेत. तो फॉन्ट आणि तो जुना प्रोग्रॅम गेला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उरतात. चळवळीचा इतिहास असा मुका होऊ द्यावयाचा नसेल तर जुने अंक युनिकोडमध्ये आणण्याचे आणि त्यांच्या पीडीएफ प्रती ठेवण्याचे काम हाती घ्यावे. नवा मजकूर तर युनिकोडखेरीज टंकूच नये.

चार आक्षेप

पहिला आक्षेप, ‘चोरटी प्रत फुकट मिळत असताना ही यातायात कशाला?’ काही साथींना तर चोरटी प्रत वापरणे म्हणजे भांडवलदाराला दिलेला तडाखाच वाटतो. हा भाबडेपणा आहे. चोरटी प्रत बसविणारा प्रोग्रॅम कोणी लिहिला आणि त्यात आणखी काय दडविले, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि अशा यंत्रावर आपण सभासदांचे पत्ते ठेवतो. शिवाय चोरट्या प्रतीने मक्तेदाराचे काही बिघडत नाही. तिच्यामुळे आपली बोटे त्याच्याच प्रणालीला सरावतात आणि उद्या पैसे असलेली संस्था तीच विकत घेते.

दुसरा आक्षेप, ‘हे काम तंत्रज्ञांचे, कार्यकर्त्याने जनतेत जावे.’ हीच भाषा एकेकाळी ‘राज्यकारभार शिकलेल्यांचा’ म्हणून वापरली जात होती. वरील सात कामांपैकी सर्व्हरचे काम सोडले तर एकही असे नाही, जे दहावी झालेल्या मुलीला किंवा निवृत्त शिक्षकाला चार रविवारांत येणार नाही. डॉ. लोहियांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा पुरस्कार केला, तो काही यंत्राचे आकारमान मोजण्यासाठी केला नव्हता. चालविणाऱ्याच्या आवाक्यात राहणारे यंत्र, हा त्याचा आशय होता.

तिसरा आक्षेप, ‘म्युनिकने लिनक्स आणले आणि परत विंडोजकडे वळले.’ खरे आहे. त्या नगरपालिकेने २००३ मध्ये निर्णय घेतला, सुमारे १५,००० संगणक मुक्त प्रणालीवर आणले आणि २०१७ मध्ये सत्ताधाऱ्यांनी माघारीचा ठराव केला. तंत्र एका तपाहून अधिक काळ चालले. मागे हटले ते राजकारण. उलट केरळात शालेय शिक्षण गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर चालत आले आहे. तेथील सार्वजनिक शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवर ती बसविली गेली आणि हजारो शिक्षकांना तिची देखभाल शिकविली गेली. जर्मनीतीलच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपल्या सुमारे ३०,००० संगणकांसाठी हाच मार्ग जाहीर केला. आणि महाराष्ट्र? पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर १९९१ मध्ये ‘परम’ उभा केला, आणि तिच्याच चेन्नई केंद्राने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली तयार केली. या दोन्ही गोष्टींचा अभिमान भाषणांतून मिरवावयाचा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी यंत्रे घेताना विंडोजची अट घालावयाची, याला ढोंग म्हणतात.

चौथा आक्षेप आपल्याच काही उत्साही मित्रांविरुद्ध मला घ्यावयाचा आहे. मुक्त प्रणाली आली की मुक्ती आली, असे ते समजतात. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतात. बड्या मक्तेदारांची माहितीगोदामेही मुख्यतः तिच्यावरच चालतात. सामूहिक श्रमांतून निर्माण झालेले धन खासगी नफ्यासाठी वापरले जाणे, ही तर भांडवलशाहीची व्याख्याच. मार्च २०२४ मध्ये असंख्य लिनक्स यंत्रांत असलेल्या ‘एक्सझेड’ या लहानशा साधनात चोरदार बसविल्याचे उघड झाले. ते साधन वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा माणूस बिनपगारी सांभाळीत होता. त्याच्या थकव्याचा फायदा घेऊन कोणीतरी मदतनीस म्हणून आत शिरले. चोरी पकडली गेली ती एका अभियंत्याला, प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद उशीर का लागतो, ही शंका आली म्हणून. तात्पर्य असे की, मुक्त प्रणालीलाही देखभाल करणारा माणूस लागतो आणि त्या माणसाला पोट असते. म्हणून आपली मागणी केवळ ‘लिनक्स आणा’ एवढी असू शकत नाही. शासकीय कार्यालये, सार्वजनिक रुग्णालये, शाळा आणि सहकारी बँका यांत देखभालीची कायम, पगारी पदे निर्माण करा. कंत्राटदाराच्या मुलांना तुटपुंज्या वेतनावर राबवून घेणे थांबवा. सार्वजनिक पैशाने घेतलेली प्रणाली सार्वजनिक तपासणीला खुली असावी असा नियम करा. आणि १९७८ मध्ये ज्या धर्तीची सार्वजनिक देखभाल संस्था या देशाने चालवून दाखविली, तशी संस्था पुन्हा उभारा. ही खरी मागणी आहे.

ती मागणी करण्याचा अधिकार मात्र आधी मिळवावा लागेल. ज्यांच्या स्वतःच्या कार्यालयात पासवर्ड कोणाला ठाऊक नाही, त्यांनी डिजिटल स्वावलंबनावर मोर्चा काढू नये. प्रत्येक तालुका समितीने येत्या महिन्यात दोन साथी या कामासाठी नेमावेत, त्यांपैकी एक तरी महिला असावी. त्यांनी वही घालावी, नकला काढाव्यात, एक जुने यंत्र मुक्त प्रणालीवर आणून दाखवावे आणि मग शेजारच्या संघटनेला, वाचनालयाला, पतसंस्थेला हे शिकवावे. जिल्हा समितीच्या बैठकीत कोषाध्यक्षाच्या हिशेबानंतर या वहीचे वाचन हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा. घरातील किल्ल्या ज्या बाईच्या कमरेला असतात तिलाच त्या घरात मान असतो, हे आपल्या आज्या जाणून होत्या. आपल्या किल्ल्या आज परक्यांच्या कमरेला आहेत. त्या काढून घेण्याचे काम कोणा मंत्र्याच्या आदेशाची वाट पाहात नाही. ते तालुक्याच्या कार्यालयातील त्या एका धुळकट संगणकापासून सुरू होते.